घरात डोंगर, स्टेजवर डास: फोंड्याच्या एका मेटल बँडच्या गिटार टोनचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यात साउंडचं काम करतो. वर्षाचे बरेच दिवस जत्रेतली नाटकं, भजनी सप्ते आणि चवथीच्या दिवसांतल्या घुमट आरतीच्या स्पर्धा यांत जातात. हेवी मेटलकडे मी वळलो तो शेजारच्या वाड्यावरच्या चार पोरांमुळे. त्यांची नावं इथे देत नाही. मोठा गिटारवाला (गातोही तोच), धाकटा गिटारवाला, बेसवाला आणि ड्रमर एवढी ओळख पुरे.

घरामागच्या चिऱ्यांच्या खोलीत, सिमेंटच्या पत्र्याखाली ही पोरं दर रविवारी वाजवायची. गिटारी ड्रॉप सी ट्यूनिंगमध्ये, म्हणजे सगळ्या तारा एक पूर्ण स्वर खाली आणि सहावी तार त्याहून आणखी एक स्वर खाली. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये ती जाड तार ८२.४ हर्ट्झवर वाजते, ड्रॉप सीमध्ये ६५.४ वर. मोठ्याकडे बॉसचं एमटी-२ मेटल झोन हे पेडल (पायानं चालू-बंद करायची, आवाज विस्कटवणारी डबी) होतं. १९९१ साली बाजारात आलेलं हे पेडल अजूनही मिळतं. धाकट्याकडे त्याच कंपनीचं १९७८ पासूनचं नारिंगी डीएस-१. दोघांचे अ‍ॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारी यंत्रं) साधे ट्रान्झिस्टरचे.

नोव्हेंबरात एका कॉलेजच्या कार्यक्रमात ते वाजवून आले. दुसऱ्या दिवशी मोठा फोन घेऊन माझ्या दारात उभा. मागच्या रांगेतून कुणीतरी केलेलं रेकॉर्डिंग त्यानं मला ऐकवलं आणि म्हणाला, "काका, घरी आमची गिटार डोंगरासारखी वाजते. इथे डास गुणगुणल्यासारखी का येते?"

अडचण

रेकॉर्डिंगमध्ये झांजा स्वच्छ होत्या, गाणं ऐकू येत होतं, खाली बेसची घरघर होती. गिटारी दोन असून एकही नव्हती. वर नुसती सिसकारी तेवढी होती. डिसेंबरात बार्देशातल्या एका सभागृहात त्यांचा पुढचा कार्यक्रम ठरला होता. हातात तीन रविवार आणि अधल्यामधल्या दोन संध्याकाळी.

पहिल्या रविवारी खोलीवर गेलो आणि कशालाही हात न लावता आधी नॉब कुठे आहेत ते वहीत उतरवून घेतलं. मेटल झोनवर डिस्टॉर्शन (आवाज विस्कटण्याचं प्रमाण) पूर्ण उजवीकडे, लो पूर्ण, हाय पूर्ण आणि मिडल पूर्ण डावीकडे, शून्यावर. त्याच्यापुढे अ‍ॅम्पवर पुन्हा दहापैकी बेस आठवर, मिड दोनवर, ट्रेबल आठवर. म्हणजे मधला आवाज एकदा पेडलनं खरवडून काढलेला आणि उरलासुरला अ‍ॅम्पनं.

यात पोरांचा दोष नाही. रात्री घरचे झोपलेले असताना हळू आवाजात गिटार लावली की असंच सेटिंग गोड लागतं. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली दाखवून दिलं होतं की आवाज हळू असताना माणसाच्या कानाला खालचे आणि वरचे स्वर कमी जाणवतात. म्हणून हात आपोआप लो आणि हाय वाढवतो. तेच सेटिंग घेऊन स्टेजवर गेलं, आवाज मोठा केला, की ती वाढवलेली दोन्ही टोकं अंगावर येतात. त्यात तिथे बेस आणि ड्रम्सही असतात. खालची जागा बेसनं आणि किक ड्रमनं आधीच घेतलेली, वरची झांजांनी. गिटारला राहतो तो मधला पट्टा, आणि तोच तर आपण बंद करून बसलेलो.

हे त्यांना समजावताना मी घुमट आरतीचं उदाहरण दिलं. घुमटाचा घुमार मातीच्या पोटातून येतो, शामेळ हे चर्मवाद्य काठीनं वर टणटणतं आणि कासाळं (झांजा) त्याच्याही वर. तिघांची घरं वेगळी, म्हणून माइक नसतानाही देवळाच्या चौकात तिन्ही वेगवेगळी ऐकू येतात. घुमट वाजवणारा शामेळाच्या घरात घुसायला गेला तर आरती बिघडेल. ड्रमर चवथीला घुमट वाजवतो, त्याला हे बाकीच्यांच्या आधी पटलं.

पर्याय

पोरांनी आपसात आधीच चर्चा केली होती. चार वाटा समोर होत्या.

पहिली, नवीन पेडल घेणं. धाकट्याच्या डोक्यात एचएम-२ होतं. १९८३ साली आलेलं हे पेडल स्वीडनच्या डेथ मेटल बँडांनी अजरामर केलं. एन्टूम्ब्डसारख्या बँडांचा करवतीसारखा आवाज त्यातलाच, चारही नॉब पूर्ण उजवीकडे. धाकट्याचं म्हणणं, "ते सगळं फुल्ल ठेवतात, मग आम्ही का नको?" प्रश्न रास्त होता. पण त्या पेडलवरचा हाय नावाचा नॉब खरं म्हणजे एक किलोहर्ट्झच्या आसपासचा पट्टा उचलतो, म्हणजे मिडच. सगळं पूर्ण उघडल्यावर त्यातून जे बाहेर पडतं त्यात मिड ठासून भरलेला असतो. मेटल झोनवर सगळं पूर्ण आणि मिड शून्य, हा प्रकारच वेगळा. हे कळल्यावर धाकटा बराच वेळ गप्प राहिला.

दुसरी वाट, अ‍ॅम्प सोडून लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरमधून थेट मिक्सरला जाणं. मला व्यक्तिशः ही वाट आवडते, स्टेजवरचा गोंगाट कमी होतो. पण मग चौघांनाही मॉनिटरवर स्वतःचा आवाज ऐकायची सवय हवी, आणि तीन रविवारांत ती लागत नाही. तिसरी, कुणाकडून तरी व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प उसना आणणं. जो अ‍ॅम्प आपल्या हाताखालचा नाही तो कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्यांदा उघडायचा, हे मला पटेना.

चौथी, आहे त्या सामानाला नव्यानं बसवणं. आम्ही ती धरली. वरून एकच उसनी गोष्ट घेतली, एक हिरवं ट्यूब स्क्रीमर जातीचं ओव्हरड्राइव्ह, म्हणजे आवाज थोडासाच विस्कटवणारं पेडल. ते कशाला, ते पुढे येईल.

काय केलं

आवाजाच्या आधी वीज. मोठा गाण्यासाठी माइकजवळ गेला आणि चटकन मागे आला. म्हणाला, "ओठाला मुंग्या येतात, नेहमीच येतात." हे ऐकून मी मुख्य स्विच बंद केला आणि त्या दिवशीची प्रॅक्टिस थांबवली. अ‍ॅम्पच्या सॉकेटला अर्थिंगच नव्हतं. मिक्सर दुसऱ्या खोलीतून ओढलेल्या वायरवर होता, त्याला अर्थिंग होतं. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या धातूला जोडलेल्या आणि माइकची जाळी मिक्सरच्या धातूला. मधोमध हा पोरगा. पावसाळ्यात, ओल्या लादीवर, अनवाणी पायांनी हेच झालं असतं तर काय, हा विचार मला अजून सोडत नाही. वीजवाल्याला बोलावलं. त्यानं अर्थिंगची वायर नव्यानं ओढली आणि अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायला सांगितलं. आपला जांभा कोरडा पडला की अर्थिंग कमजोर होतं, उन्हाळ्यात हे विसरू नये. आणखी एक. हम (विजेची घुरघुर) कमी व्हावा म्हणून प्लगची तिसरी पिन काढून टाकणारे मी पाहिले आहेत. कृपा करून तसं कधीच करू नका.

अर्थिंग झाल्यावर ५० हर्ट्झची घुरघुर निम्म्याहून कमी झाली. तरी एक बारीक किणकिण शिल्लक होती. एकाच अ‍ॅडाप्टरवरून माळेसारखी तीन पेडलं चालत होती, त्यातलं एक डिजिटल डिले (प्रतिध्वनी देणारं). डिजिटल पेडलचा गोंगाट त्याच माळेतून डिस्टॉर्शनमध्ये शिरतो आणि डिस्टॉर्शन त्याला शंभरपट मोठा करतं. डिलेला वेगळा अ‍ॅडाप्टर दिला. किणकिण गेली.

दुसऱ्या बैठकीत तारा. दोघांच्याही गिटारवर १०-४६ चा संच होता (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत). तार तीच ठेवून स्वर ८२.४ वरून ६५.४ वर आणला की ताण ६३ टक्क्यांवर येतो. सैल तारेवर जोरात फटका मारला की स्वर क्षणभर वर चढतो आणि मग खाली बसतो. त्यावर डिस्टॉर्शन ओतलं की रिफचा, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुरावटीचा, पहिला ठोकाच बेसूर. १२-५६ चे संच घातले, नटच्या (गिटारच्या मानेच्या टोकाला तारा धरणाऱ्या पट्टीच्या) खाचा जाड तारेसाठी रुंद करून घेतल्या आणि सॅडल (तारांचा दुसऱ्या टोकाचा टेकू) सरकवून बाराव्या पट्टीवरचा स्वर जुळवला. पेडलला अजून हातही लावला नव्हता आणि पाम म्यूट (तळवा तारांवर टेकवून मारलेले ठोके) ऐकू येऊ लागले होते. ड्रमर म्हणाला, "आता किकबरोबर बसतंय."

मग नॉब. इथे मी एक नियम घातला. चौघांनी मिळून एकच आठ मात्रांचा रिफ वाजवायचा, कार्यक्रमात असेल तेवढ्या आवाजात, आणि एका वेळी एकच नॉब हलवायचा. माझा फोन खोलीबाहेर आंब्याखाली, जिथे ऐकणारा उभा असेल तिथे. प्रत्येक फेरीनंतर सगळ्यांनी बाहेर येऊन ऐकायचं.

जागा घड्याळाच्या हिशोबानं सांगतो. आधी अ‍ॅम्पचे सगळे टोन बारावर, पेडलचेही बारावर आणि डिस्टॉर्शन नऊवर आणलं. मोठ्याचा चेहरा उतरला. एकटा वाजवताना त्याला ते नागडं वाटलं. पण बँडबरोबर फेरी झाली, फोन ऐकला, आणि पहिल्यांदाच त्याला स्वतःचा हात ऐकू आला. गेन, म्हणजे डिस्टॉर्शनचा जोर, जास्त झाला की आवाज सपाट होतो, पिकचा ठोका आणि सुटलेली तार दोन्ही सारख्याच उंचीचे होतात. मग जोर कुठे दिला ते ऐकणाऱ्याला कळत नाही. आम्ही दहाच्या पुढे गेलो नाही.

मेटल झोनचं खरं सामर्थ्य तिसऱ्या नॉबमध्ये आहे. तो दोन मजली असतो. एक कडी मिड किती उचलायचा ते ठरवते, दुसरी कुठला मिड ते, २०० हर्ट्झपासून ५ किलोहर्ट्झपर्यंत. मिड किती, ते मी मुद्दाम जास्त उचललं आणि दुसरी कडी डावीकडून उजवीकडे अगदी सावकाश फिरवली. आवाज आधी मडक्यातून यावा तसा, मग नाकातून बोलल्यासारखा, मग पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा होत गेला. त्या प्रवासात एक जागा आली, साधारण ७०० ते ८०० हर्ट्झच्या दरम्यान, जिथे ड्रमरनं झांज वाजवता वाजवता मान वर केली. तिथे थांबलो, मग मिड खाली घेत एक वाजेच्या जागी ठेवला. लो अकरावर, हाय दहावर. तिन्ही नॉब आधी होते त्याच्या उलट दिशेला.

खालचा आवाज कमी केला तर जडपणा जाईल, ही मोठ्याची भीती होती. तिचं उत्तर पॉवर कॉर्डमध्येच (एक स्वर आणि त्याचा पंचम एकत्र) आहे. सी आणि त्याचा पंचम एकत्र डिस्टॉर्शनमधून गेले की त्या दोन स्वरांच्या फरकाचा तिसरा स्वर तयार होतो. ९८ मधून ६५.४ वजा केले तर उरतात ३२.७ हर्ट्झ, म्हणजे एक सप्तक खालचा सी. आणि त्याच ठिकाणी बेसवाल्याची सर्वात जाड तार वाजते. दोघंही तिथे जोर करत होते आणि एकमेकांना चिखलात ओढत होते. गिटारनं हात आखडता घेतल्यावर बेसवाला आपसूक वर आला. मोठ्यानं फोन ऐकला आणि म्हणाला, "काका, गिटार जड झाली." गिटारचा लो कमी झाला होता. त्याला जड लागत होता तो बेस.

आता ते हिरवं ओव्हरड्राइव्ह. त्याच्या डिस्टॉर्शनच्या टप्प्यात ७२० हर्ट्झच्या खालचा आवाज कमी वाढवला जातो. ते मेटल झोनच्या आधी जोडलं, ड्राइव्ह जवळजवळ शून्य, लेव्हल जास्त, टोन मध्ये. पुढच्या पेडलमध्ये जाण्याआधीच खालचा गाळ गाळला जातो. जाड तारांचा खालचा आवाज आधी कापून मग विस्कटायचा, आणि लागेल तेवढा नंतर परत द्यायचा. पाम म्यूटचे सोळा ठोके आता सोळा मोजता येत होते. एरवी मेटल झोनच्या आधी आणखी काही हवंच असं नाही, पण मोठ्याच्या हाताला ते लागलं.

धाकट्याचं डीएस-१ वेगळ्या जातीचं. त्याचा टोन नॉब मध्यावर ठेवला की मिडला खड्डा पडतो, आणि दोघांचा आवाज एकाच पट्ट्यात नको म्हणून मी तो टोन नॉब घड्याळाच्या दहावर आणून अ‍ॅम्पचा मिड दहापैकी सातवर नेला. इथे बाचाबाची झाली. धाकट्याला स्वतःचा टोन एकटा ऐकताना आवडला नाही. मी त्याला बाहेर आंब्याखाली उभं केलं आणि त्याची गिटार दुसऱ्याला वाजवायला दिली. दोन गिटारी दोन ठिकाणाहून येताना ऐकल्यावर तो आत आला आणि काही न बोलता गिटार गळ्यात घातली.

नॉइज गेटचा (ठराविक पातळीखालचा आवाज बंद करणाऱ्या पेडलचा) हट्ट होता. गेन उतरवल्यावर त्याची गरज फारशी उरली नव्हती, तरी एक उसना आणून पाहिला. थ्रेशोल्ड, म्हणजे ती पातळी, जास्त ठेवला की लांब स्वर मध्येच तुटत. अगदी खाली ठेवून फक्त थांब्यांसाठी वापरला.

एक निर्णय आम्ही उलटा घेतला, त्याबद्दल अजून माझ्या मनात दोन मतं आहेत. मोठ्याच्या अ‍ॅम्पच्या मागे इफेक्ट रिटर्नचं सॉकेट होतं. मेटल झोन थेट तिथे लावलं की अ‍ॅम्पचा प्रीअ‍ॅम्प (आवाज घडवणारा पहिला टप्पा) वगळला जातो, आणि खरंच आवाज भरीव झाला. पण सभागृहात आयत्या वेळी दुसरा अ‍ॅम्प घ्यावा लागला तर त्याला तसं सॉकेट असेलच याची खात्री नव्हती. म्हणून पुढच्या सॉकेटवरच सगळं बसवलं.

निकाल

कार्यक्रमाच्या दिवशी नॉबवर पांढऱ्या टेपच्या बारीक पट्ट्या होत्या, त्यावर पेनाची खूण. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद, म्हणून साउंडचेक चारलाच घेतला. अ‍ॅम्पसमोर माइक धरताना मी तो आधी स्पीकरच्या मधोमध ठेवला, आवाज टोचला. दोन बोटं कडेकडे सरकवला आणि सिसकारी गेली, एकही नॉब न हलवता. मिक्सरवर गिटारचा १०० हर्ट्झखालचा भाग कापला.

पहिल्या दोन गाण्यांत आवाज पुन्हा गढूळ झाला. माझी नजर स्टेजवर गेली तर धाकट्याचा अ‍ॅम्प खुणेवर नव्हता, साउंडचेकनंतर त्यानं बेस वाढवला होता. रिकाम्या सभागृहात तो बारीक वाटला असणार. मी हात वर करून खूण केली, त्यानं परत आणला. तिसऱ्या गाण्यापासून दोन्ही गिटारी वेगळ्या ऐकू येत होत्या आणि शब्दही कळत होते. मोठ्याची आई मागच्या रांगेत होती. हे संगीत तिला आवडत नाही, पण घरी जाताना म्हणाली, "आज निदान तू काय वाजवतोस ते कळलं रे." त्या रात्रीचं फोनवरचं रेकॉर्डिंग नोव्हेंबरच्या रेकॉर्डिंगशेजारी ठेवून ऐकलं तेव्हा चौघंही पहिल्यांदा पूर्ण गप्प होते.

वेगळं काय करता आलं असतं

अर्थिंग मी पहिल्याच मिनिटाला तपासायला हवं होतं. वहीत नॉब उतरवत बसलो आणि तेवढा वेळ तो पोरगा त्या माइकसमोर उभा होता. आता कुठल्याही खोलीत गेलो की टेस्टर आधी खिशातून निघतो.

बेसवाल्याला पहिल्या दिवसापासून मध्यभागी घ्यायला हवं होतं. आम्ही त्याचा टोन शेवटच्या बैठकीत पाहिला, आणि तो बसल्यावर गिटारचे दोन नॉब पुन्हा हलवावे लागले. उलट क्रमानं गेलो असतो तर एक संध्याकाळ वाचली असती.

तारा आणि ओव्हरड्राइव्ह यांचा फरक वेगवेगळा रेकॉर्ड केला, पण अ‍ॅडाप्टर आणि अर्थिंग एकाच दिवशी बदलले. त्यामुळे कमी झालेल्या गोंगाटातलं किती कुणामुळे, हे आजही नेमकं सांगता येत नाही.

आणि कान. चिऱ्यांच्या बंद खोलीत ड्रम्ससकट १०० डेसिबल सहज होतात. त्या पातळीला सुरक्षित वेळ १५ मिनिटं मानली जाते, ही पोरं दोन तास बसायची. माझ्या डाव्या कानात रात्री शांत झालं की शिट्टी वाजते, ती असल्याच खोल्यांतून आली आहे. इअरप्लग मी त्यांना तिसऱ्या रविवारी दिले, पहिल्याला द्यायला हवे होते.

कार्यक्रमानंतर दीड महिन्यानं मोठ्याचा फोन आला. त्यानं दुसरा अ‍ॅम्प घेतला होता आणि टेपवरच्या खुणा तशाच लावल्या तर चालेल का, असं विचारत होता. खुणा त्या जुन्या अ‍ॅम्पच्या, त्या खोलीच्या. मी त्याला रविवारी बँडसकट यायला सांगितलं. सगळ्यात आधी बेसवाला पोचला, केबल गुंडाळत.